गोव्याहून येणारी गाडी

संपादकांनी फोनवर सांगितलं, काहीतरी खुसखुशीत द्या, सणाचा अंक आहे. बावीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवलेल्या माणसाकडे खुसखुशीत काय असणार, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. तरी मी हो म्हटलं. यंदाच निवृत्त झालोय, दुपारी झोप येत नाही, आणि मनात एक गोष्ट आहे जी मी बायकोखेरीज आजवर कुणाला सांगितली नाही.

आधी धंद्याविषयी सांगतो, कारण लोकांचा समज पार उलटा असतो. लोकांना वाटतं, अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला वेग हवा असतो. आम्हाला वेगाचं काही पडलेलं नसतं, ब्रेक मात्र नको असतो. मागे माणूस आडवा झोपलेला असतो. मी ब्रेक दाबला की स्ट्रेचर पुढे सरकतं, सलाईनची सुई हलते आणि हाड मोडलेलं असेल तर पेशंट कळवळतो. पन्नासच्या वेगाने न थांबता गेलेली गाडी, ऐंशीने जाऊन दहादा थांबलेल्या गाडीपेक्षा पेशंटला बरी. म्हणून भोंगा वाजवायचा. भोंगा म्हणजे दरारा नव्हे, ती विनंती असते, की बाबा, मला ब्रेक दाबायला लावू नकोस.

आणि समोरच्याने करायचं तरी काय? आरशात बघायचं, डावीकडे व्हायचं, हळू व्हायचं, जाऊ द्यायचं. यात शिकण्यासारखं काही नाही. पण आमच्याकडे भोंगा ऐकला की माणसाच्या अंगात काय संचारतं देव जाणे. एक जण घाबरून रस्त्याच्या मधोमध उभाच राहतो. दुसऱ्याला चेव येतो, तो माझ्यापुढे हॉर्न वाजवत पळत सुटतो, जसा काही मंत्र्याच्या गाडीपुढचा पोलीस. तिसरा मी पुढे गेलो की माझ्या मागच्या दाराला चिकटून येतो, कारण रस्ता आयताच मोकळा मिळतो. एकदा सावंतवाडीत नवरदेवाची गाडी माझ्यामागून अशी आली. मुहूर्त टळत होता म्हणे. माझ्या गाडीत त्या वेळी साप चावलेला माणूस होता. माझ्यामुळे नवरदेव वेळेवर पोचला, याचं पुण्य कुठे जमा झालं असेल ते असो.

आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात तर विचारूच नका. धबधब्यापाशी कुणीतरी गाडी रस्त्यातच लावून आंघोळीला गेलेला. गाडीत हार्टचा पेशंट, आणि मी भोंगा वाजवतोय. पंधरा मिनिटांनी एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून आले आणि मलाच म्हणाले, जरा धीर धरा की. किल्ली पँटच्या खिशात होती आणि पँट बायकोच्या पिशवीत, आणि बायको वरच्या दगडावर फोटो काढत होती. तो पेशंट वाचला, म्हणून ही गोष्ट मी हसत सांगू शकतो.

याच्या उलट मसुऱ्याची जत्रा. पाय ठेवायला जागा नाही, आणि एक म्हातारा रांगेत कोसळला. मला वाटलं, आता तास जाणार. पण लोकांनी खांद्याला खांदा लावून अशी वाट केली की मला एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे, पायी चालणारा माणूस वाट देतो. तोच माणूस चाकावर बसला की त्याला रस्ता बापजाद्यांचा वाटायला लागतो.

आता आमच्या रस्त्याची एक खास गोष्ट. ती जिल्ह्याबाहेरच्या माणसाला ठाऊक नसणार. आमच्याकडे पेशंट जरा जास्त झाला की त्याला गोव्याला न्यायचा, ही रीतच आहे. मोठं हॉस्पिटल तिकडे. त्यामुळे कसाल, कुडाळ, सावंतवाडी, बांदा या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. गोव्याकडे तोंड करून जाणारी अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे आत जिवंत माणूस, तिला वाट द्यायची. आणि गोव्याहून परत येणारी म्हणजे एक तर रिकामी, नाहीतर आत मढं. दोघांनाही घाई नसते. मग ती कितीही भोंगा वाजवू दे, ड्रायव्हरला घरी जेवायला जायचं असेल.

हे मी मनाचं सांगत नाही. स्टँडवरच्या हॉटेलात मासळीचे टेम्पोवाले माझ्या तोंडावर म्हणायचे, "गोयाक जाताना आमी दोघव भरलेले, येताना दोघव रिकामे." मीही त्यांच्याबरोबर हसायचो. खरं सांगायचं तर हा समज पक्का करायला आम्ही ड्रायव्हरांनीही हातभार लावला होता. रिकामी गाडी आणताना, पाऊस भरून आला किंवा फाटकाशी गाड्यांची रांग दिसली, की भोंगा लावून निघणारे आमच्यात होते. दोन-चारदा मीही लावला. कबूल करतो.

नव्याण्णव साल असावं. आमच्या मालवणच्या रुग्णालयात शैला नावाची बाई पहाटे बाळंत झाली. नावं मी बदलली आहेत. पहिलटकरीण, मुलगी झाली, मुलगी ठणठणीत. पण शैलाचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी दोन तास झगडून ते थांबवलं, तोवर अंगात रक्तच उरलं नव्हतं. रक्तगट दुर्मीळ निघाला. जिल्ह्यात फोन फिरवले, त्या गटाची बाटली नव्हती. गोव्याच्या रक्तपेढीत दोन होत्या. बाईला हलवली तर वाटेतच जाईल, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. म्हणून तिच्या रक्ताची बोटभर नळी आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. डॉक्टर म्हणाले, तीन-साडेतीनपर्यंत मी धरून ठेवायचा प्रयत्न करतो, तुम्ही या.

शैलाचा नवरा मुंबईला नोकरीत, तो रेल्वेने निघाला होता. पायऱ्यांवर तिची आई बसलेली. सावित्रीकाकी मालवणच्या बाजारात मासळी विकायची, मला चांगली ओळखायची. मी बाजारात गेलो की टोपलीतला ताजा बांगडा बाजूला काढून ठेवणारी बाई. मी गाडीत बसताना तिने नुसता हात वर केला.

जातानाचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. मागे स्ट्रेचर रिकामं, खिशात बोटभर नळी, आणि लोक अशी वाट देत होते की विचारू नका. चिऱ्यांचे ट्रक गटारात उतरत होते. एसटीवाला खिडकीतून हात काढून जा म्हणत होता. बांद्याच्या बाजारात पोराटोरांनी भरलेल्या एका सहा आसनी रिक्षाने मागे जाऊन वाट केली. दोन तासांत मी पोचलो. रक्तपेढीत रक्त जुळवून बघायला वेळ लागतो, ते काही दुकानातून साखर आणण्यासारखं नसतं. मी बाकावर बसून होतो, पाणीसुद्धा प्यायलो नाही. एक वाजता दोन बाटल्या थर्मोकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवून मिळाल्या. खोकं मी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं आणि टॉवेलने बांधलं.

आणि गाडी वळवली. तोच रस्ता, तीच गाडी, तोच भोंगा. फक्त तोंड मालवणकडे.

सीमेवरच्या नाक्यावर शिपायाने हात आडवा केला. गोव्याहून येणाऱ्या गाडीत थर्मोकोलचं खोकं म्हटल्यावर दारूचा संशय येणारच, त्याचं काही चुकलं नाही. मी झाकण उघडून दाखवलं. त्याने एक शब्द न विचारता फळी उचलली आणि पुढच्या दोन ट्रकना स्वतः पळत जाऊन बाजूला घेतलं. त्या अख्ख्या प्रवासात मला वाट देणारा तो एकटाच. बांदा ते कुडाळ मी भोंगा वाजवून वाजवून थकलो. लोक आरशात बघत, गाडीचं तोंड कुठे आहे ते बघत, आणि तसेच चालत राहत. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन खिडकीतून आत डोकावला, मागे कुणी नाही बघून हसला आणि मान हलवत पुढे गेला.

तरी कसालला हायवे सोडला तेव्हा तीन वाजायला आले होते. मालवण तीस-पस्तीस किलोमीटर. गाठतो, असं मला वाटलं. तिठ्यावरच माझ्यापुढे एक मासळीचा टेम्पो घुसला. मागे फळीवर देवीचं नाव आणि डावा कोपरा चेपलेला. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, साईडपट्टी पावसाने वीतभर खचलेली. मला जाऊ द्यायचं तर त्याला डावी दोन चाकं त्या खड्ड्यात उतरवावी लागणार. रिकाम्या टेम्पोला ते अवघड नव्हतं. पण तो उतरला नाही. त्यालाही घाई होती, जीव तोडून पळवत होता, पण वळण आलं की हळू होई आणि सरळ रस्ता आला की मधून जाई. समोरून गाड्या येत होत्या, मला ओलांडून जाता येईना. भोंगा, हॉर्न, दिवे, सगळं करून झालं. खिडकीतून त्याचा हात एकदा बाहेर आला आणि थांब, थांब, असा हलला.

वाटेतल्या कट्टा गावात एसटी उभी होती, म्हणून तो थांबला. माझ्यापुढे दहा हातांवर. इथे माझी चूक आहे. मी तेव्हा खाली उडी मारून, त्याच्या दारावर थाप मारून, सांगायला हवं होतं की गाडी रिकामी नाही, रक्त आहे. चार पावलांचं काम. पण मी सीटवर बसून हॉर्न दाबत राहिलो आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिलो. वर्षानुवर्षं स्टेअरिंगमागे बसलेल्या माणसाला खाली उतरून दोन शब्द बोलायचं सुचत नाही, हॉर्नच सुचतो. एसटी हलली, तो हलला, आणि चौके, कुंभारमाठ करत मी त्याच्या मागून मालवणात शिरलो. कसाल ते मालवण मला चाळीस मिनिटं लागायची. त्या दिवशी सव्वा तास लागला.

रुग्णालयाच्या आवारात वळलो आणि समोर तोच टेम्पो. पोर्चला लागून तिरपा उभा, दार उघडं. चेपलेला कोपरा माझ्या तोंडासमोर. खोकं घेऊन मी धावलो तेव्हा पायरीवर एक तरुण माणूस उभा होता. तो माझ्या गाडीकडे बघत होता, वर फिरणाऱ्या लाल दिव्याकडे. मग माझ्या हातातल्या खोक्याकडे. मी त्याला एक-दोनदा बाजारात पाहिलं होतं. सावित्रीकाकीचा मुलगा, तिच्या भाषेत तिचा झील, वसंत. गोव्यात मासळी उतरवून परतताना त्याला बहिणीचा निरोप मिळाला होता आणि तो तिच्यासाठी धावत सुटला होता.

पहिली बाटली लावली. ती पाव सरली असेल-नसेल, शैला गेली. डॉक्टर सरळ माणूस होते. मी विचारलं, अर्धा तास आधी आलो असतो तर? ते म्हणाले, वाचली असती असं मी सांगू शकत नाही, नसती वाचली असंही सांगू शकत नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर बायकांचा आक्रोश. मी हात धुऊन आलो तर वसंत माझ्या अंगावर आला. माझ्याहून लहान मुलगा सरळ एकेरीवर आला. "इतको उशीर? गोयात जावन बसललंस काय?" चार माणसांनी त्याला मागे ओढलं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की त्याला कळलेलं आहे. माणूस स्वतःवरचं संकट असं दुसऱ्यावर ढकलतो, मोठ्याने ओरडून.

सावित्रीकाकी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर नात. तिने मला जवळ बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "वाटेत कोणी अडवल्यान काय रे तुका?"

वसंत तिच्या मागेच उभा होता. तो जमिनीकडे बघत होता. एका दिवसात या बाईची मुलगी गेली. मी खरं बोललो तर मुलगाही जाईल, इतकंच मला त्या क्षणी दिसलं.

"नाय गो काकी," मी म्हटलं. "रस्तो मोकळो होतो."

हे वाक्य मी उच्चारलं आणि आयुष्यभराचं ओझं डोक्यावर घेतलं. रस्ता मोकळा होता तर मग ड्रायव्हर कुठे होता, हा प्रश्न कुणालाही पडणार. आठ दिवसांत गावभर झालं, की ड्रायव्हर गोव्यात पिऊन पडला होता. मी दारूला शिवत नाही, हे माझ्या घरच्यांखेरीज कुणाला पटणार? स्टँडवर मी आलो की बोलणं थांबायचं. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, त्यात एका घराने हाच विषय काढला. बायको म्हणाली, खरं सांगून टाका. तिला मी सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, काकी आहे तोवर नको. आणि मनात म्हटलं, सांगणारा सांगेल. पश्चात्तापाने त्याची जीभ आज ना उद्या सुटेल.

सुटली नाही. वसंत मला बघितलं की रस्ता बदलायचा. काकी बदलायची नाही. मी बाजारात तिच्यासमोर उभा राहिलो की टोपलीवर केळीचं पान झाकायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायची. सुरुवातीला मी मुद्दाम जायचो, तिचा राग आज उतरेल म्हणून. मग जाणं सोडलं. आमच्या घरी बांगडा दुसऱ्या बाजारातून यायला लागला.

नऊ वर्षं अशी गेली. दोन हजार आठच्या सुमारास एका सकाळी सावित्रीकाकीलाच रुग्णालयात आणलं. छातीत दुखत होतं, धाप लागलेली. डॉक्टर आता दुसरे होते. त्यांनी तपासून सांगितलं, गोव्याला न्या, ताबडतोब. ड्यूटीवर मी. गाडी पोर्चला लावली आणि स्ट्रेचर घेऊन आत गेलो. तिने मला बघितलं आणि खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"त्येच्या गाडयेत माका घालू नकात," ती म्हणाली. "माझ्या चेडवाक त्येनाच उशीर केल्यान."

डॉक्टरांनी समजावलं, नर्सने समजावलं. दांडा सुटेना. धाप वाढत होती, ओठ निळे पडत होते. वसंत पायथ्याशी उभा होता. आता तो चाळिशीकडे आलेला, केस विरळ झालेले. मी त्याच्याकडे बघत राहिलो. एक वाक्य बोलायचं होतं त्याने. माझ्यासाठी नको, तिच्या श्वासासाठी तरी. तो म्हणाला, "मी टेम्पोतसून नेतंय."

टेम्पोत गादी घातली, ऑक्सिजनची टाकी बांधली, नर्स बसली. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही मागून जा, वाटेत काही झालं तर घेता येईल. मागून जाऊन काय उपयोग? मी पुढे निघालो. रिकामी गाडी, भोंगा लावलेला, आणि तोंड गोव्याकडे. ट्रक बाजूला झाले, एसटी बाजूला झाल्या, बांद्यापर्यंत कुणी एकदाही मला ब्रेक दाबायला लावला नाही. मागून वसंत येत होता. त्याने मला न दिलेली वाट मी त्याच्यासाठी करत होतो, आणि मला त्याचा भयंकर राग येत होता.

गोव्याच्या हॉस्पिटलात काकीला आत घेतल्यावर तो बाहेर आला. मी गाडीचं बॉनेट उघडून पाणी बघत होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी कसालापासून तुमी आरशात दिसत होतात माका," तो म्हणाला. "माका वाटला रिकामी गाडी."

मी रेडिएटरचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"मी सांगतंय तिका. आत्ता जावन सांगतंय."

नऊ वर्षं जे ऐकायला थांबलो ते आलं होतं. मी बॉनेट पाडलं आणि म्हटलं, "आता नको रे. तिका आता झील होयो. डायवर कोणय चलता."

त्याने मान हलवली आणि तो आत गेला. चौथ्या दिवशी सावित्रीकाकी गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, तो उशाशी बसून होता. तिला घरी आणायला मला बोलावलं नाही, गोव्यातलीच गाडी केली.

वाचणाऱ्याला वाटेल, ड्रायव्हर मोठ्या मनाचा. तसलं काही नाही. मी नको म्हटलं तेव्हा माझी खात्री होती, की तो माझं ऐकणार नाही, सरळ आत जाईल आणि तिला सगळं सांगेल.

त्याने माझं ऐकलं.